प्लेट बोलते तेव्हा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मेहुण्याच्या पायाचं काम शेवटी माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे काय, मीच मान पुढे केली. मालक म्हणाले होते, "घरचं माणूस आहे, विचार करा. चाचणी दुसऱ्या कुणाला तरी घेऊ दे." मी म्हटलं, दुसरा कोण? आपल्या वर्कशॉपमध्ये कान असलेला माणूस एकच आहे.

आजवर आम्ही कार्बनच्या कापडाचे थर रेझिनमध्ये चिकटवून, ओव्हनमध्ये भाजून ड्रोनचे हात आणि सायकलींचे सुटे भाग बनवले. माणसाच्या अंगाला लागणारी वस्तू पहिल्यांदाच बनवतोय. पावलाची प्लेट. टाचेपासून चवड्यापर्यंत जाणारी काळी, वाकवलेली पट्टी, बुटात मावेल अशी. टेकली की वाकायची, उचलली की उसळायची. वरच्या बाजूला दोन भोकं, त्यातून बोल्ट घालून ती कृत्रिम पायाच्या नळीला बसवायची.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. वीज कंपनीत लाइनमन होता. गेल्या वर्षी रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकखाली त्याचा डावा पाय सापडला, गुडघ्याखालून कापावा लागला. आता रबरी पाऊल लावतो आणि कंपनीच्या तक्रार-खिडकीत फोन घेत बसतो. "भाऊजी, रबरावर चालणं म्हणजे रोज चिखल तुडवणं," असं म्हणतो. खांबावर चढायचं तर राहूच दे, पण तारांच्या खालून पायी तपासणी करत फिरता यावं एवढीच त्याची इच्छा आहे. पायी फिरणाऱ्यांची एक जागा वर्षाच्या मध्याला रिकामी होतेय. पाय मिळाला तर जागा मिळेल, नाहीतर जन्मभर फोन.

आमची चाचणीची पद्धत साधी आहे. नमुन्याची पट्टी दोन आधारांवर ठेवायची आणि मधोमध दाब वाढवत न्यायचा. पट्टी तुटण्याच्या पुष्कळ आधी बोलते. टिक्. आतला एखादा धागा नाहीतर रेझिनचा कण तडकलेला असतो. "प्लेट बोलली" असंच आम्ही म्हणतो. ती बोलली तो भार लिहायचा आणि त्याच्या निम्म्याला परवानगी द्यायची. हे ऐकायचं काम पहिल्या दिवसापासून माझं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहिल्या पट्ट्या झाल्या आणि मन प्रसन्न झालं. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भाराला बोलल्या. एक तर जवळजवळ तुटेपर्यंत मौनव्रत धरून होती. मालकांनी नवीन रेझिन आणलंय, त्याचाच गुण.

मॅडमना मात्र आनंद नाही. मॅडम म्हणजे आमची नवी इंजिनियर, वयाने माझ्या मुलीएवढी. तिने येताना एक सेन्सर आणलाय. बटणाएवढी वस्तू, पट्टीला चिकटवायची, तिचं काम ऐकण्याचं. वायर बाहेर स्क्रीनला. मी मॅडमचं नाव सेन्सरबाई ठेवलंय. तिच्या बटणाला माझ्या निम्म्या भारालाच टिकटिक ऐकू येते. मी समजावलं, "अगं, ते कॉम्प्रेसर ऐकतंय. पट्टी आधारावर सरकते, तेही ऐकतंय. यंत्राला काय, पाल चुकचुकली तरी त्याला भूकंप." ती खाली बघून काहीतरी पुटपुटली. या पिढीला तोंड उघडून बोलायला कुणी शिकवलंच नाही.

मालक माझ्या बाजूने. "इतकी वर्षं यांचा कान चुकला नाही," म्हणाले. तिचे आकडे बाजूला ठेवायचे ठरले. नाचता येईना, अंगण वाकडं. हे मी मोठ्याने म्हणालो नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

किरकोळ कटकटींचा दिवस. घराची बेल परत मेली. सेल बदलला, तार बदलली, तरी तेच. ही शाळेतून आली आणि दाराबाहेर ताटकळत राहिली. शेवटी खिडकीवर हात मारला तेव्हा मला कळलं. ही म्हणते बेल वाजत होती. मी नवी आणून लावली, घर्र वाजणारी. ती एकदम झकास चालते. जुन्या मालात दम नव्हता, दुसरं काय.

हीसुद्धा हल्ली तऱ्हेवाईक झालीय. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, त्यामुळे मुळात हळू बोलणारी. पण हल्ली एकतर ओरडते, नाहीतर तोंडातल्या तोंडात बोलते, मधलं काही नाहीच. भावाच्या पायाचं मनाला लागलंय तिच्या. जेवताना माझ्यासमोर येऊन बसली आणि बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी हो हो म्हटलं. तिला तेवढ्यानेही बरं वाटतं.

वर्कशॉपमध्ये भाजून निघालेली प्लेट नाण्याने ठोकून बघितली. थर नीट चिकटले असतील तर नाणं खणकतं, आत पोकळी असेल तर थप्प वाजतं. मला सगळीकडे थप्पच. मालकांनी ठोकलं, म्हणाले, "छान खणकतंय की." मग माझ्या लक्षात आलं, हल्लीची नाणीच हलकी. धातूत भेसळ करतात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज भोकं पाडली. सगळ्यात नाजूक काम हेच. कार्बन ड्रिलची धार भराभर खातो. धार गेली की ड्रिल कापायचं सोडून ढकलायला लागतं आणि खालचे थर उचकटतात, म्हणून प्लेटच्या खाली लाकडाची फळी घट्ट दाबून ठेवायची. आणि धार जायच्या बेतात असली की ड्रिल किंचाळतं. ते किंचाळलं की बदलायचं. हा नियम मीच घालून दिलाय, भिंतीवरसुद्धा लावलाय.

यावेळचं ड्रिल म्हणजे सोनं आहे. नमुन्यांची भोकं पाडली, सरावाच्या प्लेटची पाडली आणि खऱ्या प्लेटचीही पाडली, तरी एकदाही किंचाळलं नाही. मॅडम मध्येच आत आल्या, दोन्ही कानांवर हात. मी हाताने विचारलं, काय? त्यांनी ड्रिलकडे बोट दाखवलं. मी खूण केली, उत्तम चाललंय. मान हलवून निघून गेल्या. नाजूक जीव. आम्ही पत्र्याच्या प्रेसवर उमेदीची वर्षं घालवली, दिवसभर धडाम धडाम, कानात कापूससुद्धा नसायचा. यांना एका ड्रिलचा त्रास.

शनिवार, २२ फेब्रुवारी

मेहुणा घरी आला होता. तक्रारी घेऊन घेऊन त्याचाही आवाज चढलाय. माझ्याशी बोलताना तर शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल असा बोलतो. पण जोरात आहे गडी. "भाऊजी, तुम्ही पास केलेली प्लेट म्हणजे मी डोळे मिटून पाय ठेवणार," म्हणाला. हिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उठून आत गेली.

खरं सांगायचं तर त्याच्या त्या वाक्यानंतर मी आकडे पुन्हा काढून बघितले. माझे आणि सेन्सरबाईंचे आकडे अजून जुळत नाहीत. उलट अंतर वाढतंय. एकदा वाटलं, दोन्हींच्या मधला आकडा धरावा आणि मोकळं व्हावं. पण मधला आकडा म्हणजे दोघांचंही खोटं. प्लेट एकतर बोलली किंवा नाही बोलली. माझ्या समोर ती बोलली नाही. मी माझाच आकडा दिला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

प्लेटची शेवटची परीक्षा. बोल्टसकट मशीनवर चढवून परवानगीच्या भारापर्यंत दाबायची आणि तिने गप्प राहायचं. मशीनभोवती जाड पारदर्शक पडदा आहे, कारण तुटलेला कार्बन सुयांसारखा उडतो. आत मास्क लावून मी एकटा. बाहेर मॅडम स्क्रीनपाशी, मालक त्यांच्या पलीकडे.

मी कान प्लेटच्या अगदी जवळ नेला. एक आवाज नाही. बाहेर मॅडम हात हलवत होत्या, स्क्रीनवर म्हणे टिकटिकीच्या ठिपक्यांचा पाऊस पडतोय. मालकांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी अंगठा दाखवला आणि त्यांनी सही केली.

हिला सांगितलं, प्लेट पास. वाटलं होतं रडेल, हसेल. "तुम्हाला नक्की काही ऐकू आलं नाही?" असं दोनदा विचारलं, खूप सावकाश. मी म्हटलं, अगदी नक्की.

मंगळवार, ४ मार्च

आज पाय बसवायचा होता. कृत्रिम पाय बसवणारे तज्ज्ञ हत्यारांची पेटी घेऊन वर्कशॉपमध्येच आले. आम्ही चालायच्या जागेवर दोन्ही बाजूंना आधाराच्या दांड्या ठोकल्या होत्या. ही शाळेतून रजा घेऊन आली होती.

मेहुणा उभा राहिला. आधी उजव्या पायावर, मग हळूहळू डाव्यावर. एक पाऊल, दुसरं पाऊल. प्लेट वाकली, उसळली, जशी मी मनात कितीतरी वेळा बघितली होती तशीच. तिसऱ्या पावलाला त्याने पूर्ण वजन टाकलं आणि मला राहवलं नाही, मी टाळ्या वाजवल्या.

मी एकटाच वाजवत होतो. मेहुणा दांड्यांना धरून जागच्या जागी थिजला होता, डावा पाय अधांतरी. मॅडमनी त्याच्या कमरेला धरलं होतं. तज्ज्ञ गुडघ्यावर बसले होते. मालकांचा चेहरा पांढरा पडला होता. आणि ही, जिचा भाऊ पडता पडता वाचला होता, ती भावाकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

मालक म्हणाले, "आवाज आला."

"कसला?"



बुधवार, ५ मार्च

काल पुढचं लिहायची ताकद नव्हती.

मॅडमनी प्लेट भोकातून कापली, पाण्याखाली, धूळ उडू नये म्हणून. कापलेली कड भिंगाखाली धरली. भोकाच्या खालच्या अंगाला थर सुटले होते, भिजलेल्या पुस्तकाची पानं सुटतात तसे. तिथूनच चीर पुढे निघाली होती. मी म्हटलं, "ड्रिलने केलं? पण ते तर एकदाही किंचाळलं नाही."

 तेच ड्रिल लावून मॅडमनी एका टाकाऊ तुकड्यावर चालवलं. मालकांनी कान झाकले. दाराशी उभा असलेला वॉचमन आत डोकावला. मी बघत होतो. मला ड्रिल फिरताना दिसत होतं आणि गुणगुणण्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं. किंचाळणं नव्हतं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. सेन्सर, नाणी, बेल, सगळं एकामागून एक मनात येत गेलं आणि मी एकेकाला नको नको म्हणत राहिलो. दोन दिवसांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर भांडलो असतो. आज भांडायला कुणी समोर नव्हतं.

घरी आलो. ही दारातच होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं हो. दोनदा. समोर बसून सांगितलं, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊया. दोन्ही वेळा तुम्ही हो हो म्हणालात. मला वाटलं, कळलंय पण टाळताय."

"आणि प्लेट?"

"मला वाटलं, तिथे मशीन असेल ऐकायला." मग ती रडली. "मला काय माहीत, तिथेही तुमचाच कान आहे म्हणून."

मला तिचा राग आला नाही. स्वतःचा इतका आला की जेवण गेलं नाही. माझा मेहुणा जिन्यावर असता तर? रस्ता ओलांडत असता तर? तो डोळे मिटून पाय ठेवणार होता आणि मी कान मिटून ठेवले होते.

मंगळवार, ११ मार्च

कानाचे डॉक्टर म्हणाले, बारीक आणि चिरके आवाज गेलेत, दोन्हीकडचे. जाड आवाज शाबूत आहेत. कारण प्रेसवरची वर्षं. हळूहळू गेलं म्हणून कळलं नाही. गेलेलं परत येणार नाही, यंत्र लावावं लागेल, मापं घेतलीत. मी विचारलं, यंत्र लावून प्लेटचा टिक् ऐकू येईल का? ते म्हणाले, थोडंफार येईल, पण त्यावर कुणाचा पाय ठेवू नका.

तिथून सरळ मेहुण्याच्या तक्रार-खिडकीवर गेलो. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवली होती, पण तो फोनवर होता. त्याने हाताने बसायला सांगितलं. "हो बाई, येतील. नाही बाई, मी स्वतः नाही येऊ शकत." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला आणि मला एकही वाक्य आठवेना.

"मी तुला पाडलं असतं," एवढंच म्हणालो.

त्याने फोन बाजूला सरकवला. मग खुर्ची माझ्या समोर ओढली आणि माझ्या तोंडाकडे तोंड करून म्हणाला, "भाऊजी, मला राग आलाय. खरंच आलाय. पाडलं असतं म्हणून नाही. मी इतके महिने तुमच्याशी बोंबलून बोलतोय, ताई बोंबलून बोलतेय, आणि तुम्हाला वाटलं आम्हीच बिघडलोय."

 खरंच होतं.

"दुसरी बनवताय का?" त्याने विचारलं.

"मालक बनवतील. मी नसेन त्यात."

"मग राहू दे. रबर बरं आहे माझं." आणि फोन वाजला म्हणून त्याने उचलला.

गुरुवार, २० मार्च

परत कामावर. मालकांना राजीनामा द्यायला गेलो होतो, त्यांनी तो दुमडून खिशात घातला आणि म्हणाले, "आधी हा घोळ निस्तरा."

घोळ मोठा आहे. गेल्या काही महिन्यांत मी पास केलेला सगळा माल संशयात. ड्रोनवाल्यांना मालकांनी स्वतः फोन करून हात परत मागवले. मॅडम आणि मी पट्ट्या पुन्हा दाबतोय. आता पडद्याच्या आत त्यांचं बटण असतं आणि मी बाहेर स्क्रीनपाशी बसतो. परवा पहिल्यांदा त्या टिकटिकीचे ठिपके नीट पाहिले. माझ्या "मौनव्रत" धरलेल्या पट्टीचे ठिपके सुरुवातीपासून होते. बिचारी बोंबलत होती आणि मी तिच्या शेजारी उभा राहून तिचं कौतुक करत होतो.

मॅडमना म्हणालो, "भोकं पाडली त्या दिवशी तुम्ही माझ्याशी भांडायला हवं होतं."

"भांडले होते, सर," त्या म्हणाल्या, माझ्याकडे तोंड करून, स्पष्ट. "तुम्ही खूण केलीत, उत्तम चाललंय."

त्यांना आता मी सेन्सरबाई म्हणत नाही. हसून त्यांनीच सांगितलं, म्हटलं तरी चालेल.

नवा नियम झाला. ड्रिल किंचाळण्याची वाट बघायची नाही. एका प्लेटला एक नवं ड्रिल, मग ते कितीही धारदार राहिलेलं असो. मालक खर्चाने कळवळले, पण हो म्हणाले. नव्या प्लेटला भोकांच्या जागी दोन थर जास्त घातलेत. भोकं मीच पाडली. मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला की थांबायचं, असं ठरलं होतं. त्यांना हात वर करावा लागला नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

मालक म्हणत होते, कानाचं यंत्र पुढच्या आठवड्यात मिळतंय तर तोवर थांबू. मी म्हटलं, कशाला? प्लेटचा आणि माझ्या कानांचा आता काही संबंध नाही. बटणाने तिला मशीनवर पास केलंय, परवानगीच्या भारापेक्षा बरंच पुढे नेऊन, तेही पुन्हा पुन्हा.

पण आजच्यासाठी मी हिला मुद्दाम सांगितलं होतं, "तू दांडीपाशी उभी राहा. तू ऐक."

"मी? मला कार्बनमधलं काय कळतंय?"

"आवाज आला की नाही ते कळतं ना? बास."

मी कामात आहे पण ऐकतंय ते बटण, हे हिने सांगितल्यावर मेहुणा यायला तयार झाला होता, पण आला तेव्हा माझ्याशी बोलला नाही. तज्ज्ञांनी बोल्ट आवळले. तो दांड्यांच्या मध्ये उभा राहिला, आणि गेल्या वेळच्या जागेपाशी येऊन थबकला. कपाळावर घाम होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताकसुद्धा फुंकूनच पिणार. कुणी त्याला घाई केली नाही.

मग त्याने वजन टाकलं.

मी प्लेटकडे बघितलंच नाही. मी हिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. भुवई हलते का, ओठ आवळले जातात का. ती मान तिरकी करून, श्वास धरून ऐकत होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या चेहऱ्याकडे इतका वेळ सलग मी कधी बघितलं नसेल. तो गेला, वळला, परत आला. टाच, चवडा, टाच, चवडा. तिच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

मेहुणा माझ्यासमोर येऊन थांबला. मला दिसेल असं तोंड करून, न ओरडता, सावकाश म्हणाला, "काहीही ऐकू आलं नाही, भाऊजी."

मी म्हटलं, "मलाही नाही."

आधी मालक हसले, मग मॅडम, मग तो स्वतः. ही हसता हसता रडायला लागली, आणि मेहुणा दांड्या सोडून तिच्यापर्यंत चालत गेला.